पाळणा खालच्या खोलीत

ता. १४, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. पत्र मिळालं, फोटोही मिळाले. मी बरी आहे. जेवते वेळेवर, म्हणजे जवळपास वेळेवर. घरमालकीणबाईंनी अखेर नळ दुरुस्त केला, पण आता तो उघडला की खालच्यांकडे भोंगा वाजतो अशी तक्रार आहे. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला ते पुरं करायचं आहे.

आधी माझी बातमी. कर्जखात्यात बढती घेऊन परत जायचं की या नव्या हवामान-जोखीम विभागात कायमचं राहायचं, याचं उत्तर मला उद्या बँकेत द्यायचं आहे. कर्जखात्यातले लोक आम्हाला ‘वेधशाळा’ म्हणतात. जिन्यात भेटले की विचारतात, “काय, आज छत्री लागेल का?” आम्हाला अजून धड जागाही नाही, जुन्या फायलींच्या खोलीत टेबलं मांडली आहेत. काम मात्र चेष्टेचं नाही. पूर, दुष्काळ, वणवे यांमुळे कुठलं घर, कुठला कारखाना पुढे किती धोक्यात आहे ते आम्ही काढायचं आणि त्यावरून बँकेने तिथे कर्ज द्यायचं की नाही ते ठरवायचं. उद्या सगळ्याच बँकांना हे लागणार आहे आणि जाणती माणसं थोडी आहेत. मी घुटमळत होते तेव्हा तूच म्हणाली होतीस, “जिथे गर्दी नाही तिथे जाऊन बस. पहिली खुर्ची मिळते.” मी बसले. आणि ताई, मला हे काम फार आवडलं. इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे उद्या हो म्हणायचं, झालं. मग एवढं लांब पत्र कशाला, असं तू विचारशील.

तू लिहिलं आहेस, “नदीकाठच्या घराचा सौदा आत्ता करू की वर्षभर थांबू? तुला बँकेतलं कळतं, तू सांग.” घर घेणारी नर्सबाई चांगली आहे, भाव चांगला देते आहे, शनिवारी सह्या आहेत. त्या पैशांतून दवाखान्याजवळ छोटा फ्लॅट घेतला की भावजींना डायलिसिससाठी एकाआड एक दिवस त्या खडखडणाऱ्या बसने न्यायला नको. बसमधून उतरताना त्यांना चक्कर आली, हे तू एका ओळीत उरकलंस. ती ओळ मी पुन्हापुन्हा वाचली.

नमनाला घडाभर तेल झालं. आता सांगते.

आमच्या विभागाने धोक्याच्या भागांचा नकाशा केला आहे. तो पुढच्या महिन्यात जाहीर होईल. तोवर घरीदारी एक अक्षर बोलणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं आहे. नदीकाठचा पट्टा नेमका माझ्या वाट्याला आला. मी हिशेब पुन्हा नव्याने केला, मग आणखी एकदा केला, कारण उत्तर बदलावं असं मला वाटत होतं. बदललं नाही. आपली गल्ली लाल आहे. नकाशा बाहेर आला की तिथल्या घरावर कर्ज मिळणार नाही, विमा मिळालाच तर सोन्याच्या भावाने, आणि घर मातीमोलाने विकायला काढलं तरी गिऱ्हाईक येणार नाही. नर्सबाईंना कर्ज देणाऱ्या बँकेत आमच्यासारखा विभागच नाही, म्हणून ते मंजूर झालं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘आत्ता विक’ हे आहे. फोनवर सांगता आलं असतं. मी फोन हातात घेतलाही होता.

मग फोटो पाहिले. खालच्या खोलीला तू आकाशी रंग दिला आहेस. मागे लिहिलंस, “इथे नर्सबाई बाळाचा पाळणा ठेवणार आहे.” ताई, त्या भिंतीवर खिडकीच्याही वर पुराची एक तपकिरी रेघ होती. आपण दोघी माडीवर बसून पाणी चढताना ऐकत होतो. खाली कपाट भिंतीवर आपटत होतं, म्हणून तू माझे कान झाकले होतेस. फोटोत रेघ नाही. रंग ओल झाकायला दिलास की रेघ झाकायला, हे मी विचारत नाही. मला उत्तर नको आहे.

तू म्हणशील, बांध घातल्यापासून पाणी आलेलं नाही. बांध मी हिशेबात धरला आहे.

परवा आमच्या मुख्य बाईंना आडून आडून विचारलं. त्यांना आम्ही चाळणी म्हणतो, एक खडा सुटत नाही त्यांच्या हातून. म्हटलं, “बाई, लाल भागात आपल्याच माणसाचं घर असलं तर?”

त्यांनी चष्मा काढला. “तर ते काम दुसऱ्याला द्यायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. आपलं दुकान नवं आहे गं. आपण घरच्यांना आधी सांगतो असं एकदा जरी पसरलं, तर आपल्या आकड्यांना कुत्रं विचारणार नाही.” मग चष्मा पुन्हा लावत म्हणाल्या, “कुणाचं आहे?”

“सहज विचारलं,” मी म्हटलं.

त्यांचं बरोबर आहे. म्हणूनच उद्या सकाळी हे पत्र पेटीत टाकून मी सरळ त्यांच्यापुढे जाणार आहे आणि बहिणीला सांगितलं म्हणून सांगणार आहे. त्यानंतरही त्यांनी राहतेस का विचारलं, तर मी हो म्हणेन. विचारतील असं वाटत नाही. कर्जखातंही मग मला घेईलसं दिसत नाही.

घर विकायचं तर विक, पण पाणी कुठवर आलं होतं ते नर्सबाईंना सांगून विक. नकाशाचं नाव काढू नकोस. पाणी आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, ते कुणाचं गुपित नाही. ऐकल्यावर ती घेणार नाही, मला माहीत आहे. फ्लॅट हातचा जाईल, तेही माहीत आहे. माझी खोली एकच आहे, पण इथून दवाखाना चालत जाण्यासारखा आहे. तुम्ही दोघं या. भावजींना पलंग, आपण दोघी खाली. भाडं भरता येईल तोवर तरी. हे पुरेसं नाही, पण याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

शुक्रवारपर्यंत तू तिला सांग. नाही सांगितलंस, तर संध्याकाळी मी तिच्या दारात उभी असेन आणि मी सांगेन. मग तू मला बहीण म्हणायचं सोडलंस तर मला सोसणार नाही. इतकी मी धीट नाही, तुला ठाऊक आहे. तरी जाईन.

हे पत्र भावजींना वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तर ते माझी बाजू घेतील, आणि पुन्हा बसची वाट पाहत उभे राहतील.

तू वाढवलेली,
धाकटी