सुलक्षणाच्या पायाखालची पाटी

३ डिसेंबर
पाटी आली! दौंडच्या दवाखान्यातली नर्स आसिया एसटीच्या गर्दीतून ती छातीशी धरून शिरूरला घेऊन आली. काळीभोर, पाटाएवढी. तिच्यावर अनवाणी उभं राहायचं, मिनिटभराने उतरायचं, की तळव्यांच्या उष्णतेचे रंग मागे राहतात. गार भाग काळा, कोमट तांबूस, त्याहून ऊन हिरवा. आणि जिथे आत काही धुमसतंय, तिथे निळा. लगेच फोटो काढून आसियाला पाठवायचा.

साखरेच्या आजाराने सुलक्षणाच्या तळव्यांना आता काही म्हणजे काही कळत नाही. मागे चपलेतला खिळा पायात घेऊन दिवसभर आमच्या पिठाच्या गिरणीत दळण करत उभी होती. संध्याकाळी रक्त दिसलं ते नवऱ्याला, मला! म्हणून ही पाटी. पायांना जे कळत नाही ते हिला कळेल म्हणे.

मला आशा नाही. मला कशाचीच नसते. तालुक्याच्या बातम्या लिहून लिहून हे असं होतं.

४ डिसेंबर
पुण्याहून संपादकांचा फोन—पाटीवर लेख द्या. तिच्यातला पदार्थ टीव्हीच्या पडद्यातल्याच जातीचा. त्यावर आता खिडकीच्या काचा बटणाने गडद होणार, चष्म्याचा नंबर जागच्या जागी बदलणार. मी म्हटलं, 'द्रवस्फटिक' लिहितो. "अहो, लिक्विड क्रिस्टल लिहा. वाचकांनी काय शब्दकोश घेऊन बसायचं?"

वाहतो पाण्यासारखा, आतले कण मात्र स्फटिकासारखे रांगेत. ऊब लागली की रांग पिळते, रंग बदलतो. ना धड इकडचा ना धड तिकडचा. आमच्याच गोत्राचा! संस्कृतात एम. ए., आणि पोटासाठी कांद्याचे भाव.

९ डिसेंबर
पाटीसोबतच्या पत्रकात आहे—पाय स्वच्छ व कोरडे असावेत. सुलक्षणा तंतोतंत पाळते. गिरणीतून येते तेव्हा घोट्यापर्यंत पीठ. हौदाच्या पाण्याने खसाखसा पाय धुते, पुसते, तशीच पाटीवर चढते. उतरली की पाटीला हात लावून तो कपाळाला लावते.

"अगं, ती पाय ठेवायलाच आहे."

"म्हनून काय झालं? पाय लागला ना तिला."

यावर न्यायशास्त्रात उत्तर असेल. मी फोटो काढून पाठवला.

दोन्ही तळवे तांबूस, सारखे. आसियाने मोबाईलवर अंगठा पाठवला. म्हणजे उत्तम.

१७ डिसेंबर
तांबूस. अंगठा.

२६ डिसेंबर
तांबूस. अंगठा. सुलक्षणा म्हणते, "रोज त्येच दिसतंय तर नवा फोटू कशाला? कालचाच धाडा की. बातम्यांचं तसंच करता ना?"

वार्ताहराची बायको शोभते!

२ जानेवारी
नळाला पाणी नाही, हौद कोरडा. सुलक्षणाने फडक्याने पीठ झटकलं आणि चढली. उतरली तर डाव्या चवड्याखाली रुपयाएवढा निळा डाग!

"बिघडली," ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. पुन्हा उभी केली. पुन्हा निळा. आसियाला फोन लावला—पाटी बदलून दे बाई.

"काका, आज काही वेगळं केलंत?"

"काही नाही. पाणी नव्हतं, म्हणून पाय धुतले नाहीत."

मग म्हणाली, "रोज गार पाण्यानं धुऊन लगेच उभ्या राहत होत्या काकू? अहो काका, मग पाटीला पाय कुठं दिसत होता? हौदाचं पाणी दिसत होतं!" आणि मग, "धुतल्यावर वीस मिनिटं थांबा, हे आम्ही लिहायला पाहिजे होतं. आमच्या डोक्यातच आलं नाही."

महिनाभर आम्ही रोज आग विझवायचो आणि मग फोटो काढायचो.

३ जानेवारी
दौंड. डॉक्टरांनी चवडा दाबला, आतून पू आला. हाडापर्यंत गेलंय. पायाच्या शिराही अरुंद झाल्यात म्हणे. दाखल करून घेतलं. येताना एसटीत सबंध वाट ती गिरणी सांभाळणाऱ्या शेजारच्या झुंबरबाईंना फोनवर सांगत होती—"बाजरीवर कुणाचा गहू टाकू नका, आधी जातं झाडून घ्या."



५ जानेवारी
चवडा उघडून साफ केला. ताप उतरत नाही. आज लेख छापून आला. मथळा—'पाय वाचवणारी पाटी'! मथळे पुण्यात देतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी वॉर्डात मोठ्याने वाचला.

"कुणाचा वाचला, त्ये इचारा की लिहिनाऱ्याला," सुलक्षणा म्हणाली. अख्खा वॉर्ड हसला. मीही.

७ जानेवारी
पू कमी. ताप तसाच. रात्रीही वॉर्डाबाहेर बाकावर बसून आहे.

९ जानेवारी
पट्टी बदलायला सोडली तेव्हा आसियाने दवाखान्यातली पाटी आणली. मध्ये पातळ प्लास्टिक घातलं, सुलक्षणाला खाटेवर बसवून दोन्ही पाय टेकवले. उजवा तांबूस. डावा बोटांपासून टाचेपर्यंत काळा! निळा डाग कुठेच नाही! आणि पाय धुतलेला नव्हता, मी स्वतः पाहिलं.

सुलक्षणाने पाटीकडे पाहिलं. पाय जवळ ओढून चोळला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, आग गेली. बरं झालं."

मी आसियाकडे पाहिलं. ती पाटी पुसत होती. "उद्या सर बघतील, काका." या मुली फार जपून बोलतात.

बाहेर येऊन चहा घेतला. पुन्हा एक घेतला.

१० जानेवारी
काळं म्हणजे थंड. थंड म्हणजे रक्त पोचत नाही. डॉक्टरांनी कागदावर शीर काढून दाखवली आणि मध्ये रेघ मारली. पुण्याला नेऊ का, विचारलं. तिथल्या डॉक्टरांशीही बोललेत, उशीर झालाय. उद्या गुडघ्याखाली पाय काढणार.

तिला हे सांगायचं मला. इतक्या भाषा शिकलो, यातल्या एकीतही वाक्य होत नाही. कालच तर म्हणाली, बरं झालं.

सांगितलं.

११ जानेवारी
आत नेताना मला खाली वाकायला लावलं. म्हणाली, "मला परवाच कळलं व्हतं. हात लावला तर पाय गारठ्यातल्या दगडावानी. पन तुम्ही आठवडाभर बाकावर जागे. म्हनून म्हनले बरं झालं. एक रात तरी झोपाल."

झोपलो होतो.