मक्याची भाकरी आणि तू दिलेला तवा

अल मनखूल, दुबई
मार्च २००९

तीर्थरूप आईस,
संपदाचा दुरूनच वाकून नमस्कार.

आम्ही दोघेही प्रकृतीने उत्तम आहोत. तुझा गुडघा कसा आहे? बाबा सकाळी फिरायला जातात ना?

शेजारच्या अमेरिकन रूथबाई नोकरी गेल्यामुळे मायदेशी परतल्या. जाताना मक्याचे पीठ मला देऊन गेल्या. त्यांच्या दक्षिणेकडच्या गावी ते उकळत्या पाण्यात मीठ घालून भिजवतात आणि लहान भाकऱ्या थापून तेलावर खरपूस तळतात. शिकताना मी सवयीने थालीपिठासारखी भोके पाडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "संपदा, ही भाकरी आहे, कोटाचे बटण नव्हे!"

सध्या हे दुपारीही घरीच जेवतात. आई, घाबरू नकोस, पण ह्यांचीही नोकरी गेली आहे. दुसरी मिळेपर्यंत हे मित्रांच्या खोलीत राहतील आणि मी तुमच्याकडे येईन.

ह्यांना चहाखेरीज काही करता येत नाही, म्हणून हीच भाकरी शिकवते आहे. काल पहिली मोडली. "खलास! अगदी माझ्यासारखी झाली," म्हणाले. मला हसू आले नाही. दुसरी नीट थापली गेली. मी न सांगताच ह्यांनी तिला बोटाने भोके पाडली.

तू लग्नात दिलेला बिडाचा तवा मी सोबत आणणार नाही. तू रागावशील, पण माझे काहीतरी इथे ह्यांच्यापाशी राहू दे.

बाबांना हे सारे तूच सावकाश सांग.

तुझी,
संपदा