शिडीचा पाय

२४ जून

निवृत्तीला उरले सहा दिवस! आज नव्या मुलीला शिकवायला वर नेलं. गाडीच्या पाळण्यात उभी राहिली तेव्हा घाबरलेली, चौकातला दिवा बदलून होईपर्यंत प्रश्नांची सरबत्ती. "काका, दिवे बदलायच्या गाडीला चेरी पिकर का म्हणतात?" म्हटलं, आधी बागेत फळं तोडायलाच केली होती म्हणे. आणि माझे बाबा तर बिनगाडीचे चेरी पिकर! हसली. मला मात्र दिवसभर बाग दिसत राहिली.

२५ जून

बाबा मालकाच्या बागेत चेरी तोडायचे. देठ धरून हलकेच वळवायचं, ओढायचं नाही. ओढलं की पुढच्या वर्षीची कळीही जाते. ते उंच शिडीवर, गळ्यात बादली. खाली शिडीचा पाय धरायला ताई आणि मी, पाळीपाळीने. देठांशी जुळलेल्या दोन चेरींचं जोडफळ मिळालं की बाबा वरून टाकायचे, ताई कानात अडकवून मिरवायची. काय दिवस होते ते! नियम एकच — शिडी धरलेले हात सोडायचे नाहीत. "वरून मला सगळं दिसतं हं!" म्हणायचे.

२६ जून

कंबर दुखतेय. नऊ दिवे.

२७ जून

माझ्या निरोप समारंभासाठी ताई आली, भाचीही. जेवताना मी बागेच्या गोष्टींत रंगलो. भाची म्हणाली, "मामा, आमच्या ऑफिसात याला चेरी पिकिंग म्हणतात. सोयीचं तेवढं वेचायचं, बाकीचं झाकायचं. आईने शिडी सोडली नि आजोबा पडले, ते बरं कधी सांगत नाहीस!"

"राहू दे गं," ताई म्हणाली. मान खाली.

मी ताट सारून उठलो.

२८ जून

इथे तरी खरं लिहितो. त्या दिवशी पाळी माझी होती. गवतात जोडफळ पडलं. ताईच्या आधी मला हवं होतं. मी हात सोडले.

बाबांचा पाय कायमचा अधू झाला. मालक ओरडला, "शिडी कोणी धरली होती?" ताई म्हणाली, "मी." बारा वर्षांची होती. मी आठ. मी मूग गिळून बसलो तो आजतागायत. आई शेवटपर्यंत तिला टोमणे मारत राहिली. आणि बाबा — तेही तिलाच दोषी धरून गेले. हे फार सलतं. आता निदान तिच्या लेकीला तरी खरं कळायला हवं.

२९ जून

नाश्त्याला सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "जरा मीठ दे." पन्नास फुटांवर वाऱ्यात उभा राहतो मी! भित्रा कुठला.

३० जून

गाडीच्या किल्ल्या दिल्या. साहेब म्हणाले, दोन शब्द बोला. बोललो. सगळ्यांसमोर, भाचीकडे बघून. शिडी मी सोडली होती. शेवटपर्यंत पुरं केलं. भाचीने आईचा हात धरला. घरी येताना ताई रिक्षातून बाहेरच बघत होती. चिडली असेल का?

१ जुलै

ताई गेली. निघताना दारात थांबली. म्हणाली, "वेड्या, बाबांना माहीत होतं. वरून दिसलं होतं त्यांना. मला म्हणाले, तूच धरली होतीस असंच राहू दे, नाहीतर हा पोरगा जन्मात कधी वर चढणार नाही."

सदतीस वर्षं चढलो.