तुझं ते पडणं

बाबा, तुझ्यावरचा राग अजून उतरलेला नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आईने तुझे शर्टसुद्धा देऊन टाकले, पण माझा राग मी जपून ठेवलाय. आज तो तुला नीट ऐकवते.

पुण्याहून अमेरिकेत, पार्सिपनीला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. शाळेत माझ्या उच्चारांना हसायचे, डब्याला हसायचे, चष्म्याला हसायचे. फक्त कराटेच्या क्लासमध्ये कुणी हसत नव्हतं. तिथे वाकून नमस्कार करायचा आणि जीव खाऊन ओरडायचं. तू मात्र मराठी मंडळाचा लाडका विनोदी नट. आठवडाभर ऑफिसात कोड लिहायचास आणि गणपतीत नुसत्या भुवया उडवून हॉल डोक्यावर घ्यायचास. त्या वर्षी म्हणालास, "या वेळी कराटे हीरो करणारे मी. शिकवशील मला?" मी हरखून गेले. बेसमेंटमध्ये जुनी गादी टाकून मी तुला उभं राहायला शिकवलं, ओरडायला शिकवलं, न लागता कसं पडायचं तेही शिकवलं. आई वरून हाक मारते, "ओ कराटेवाले, पोळ्या गार होतायत!" आणि तू म्हणतोस, "थांब गं, सीरियस काम चाललंय." मी त्यावर विश्वास ठेवला.

कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारी माझे कराटेचे सर, मीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. पडदा उघडला आणि तू आलास. पोटावर माझा हिरवा पट्टा, नाकावर माझा जुना चष्मा. माझा नमस्कार, माझं ओरडणं, ओरडल्यावर घसरलेला चष्मा बोटाने वर ढकलणं, सगळं माझं. समोर झारा घेतलेला खलनायक. लोक हसून हसून बेजार, काकूमंडळी माना वळवून माझ्याकडे बघतायत. सरही हसले. झाऱ्याचा फटका खाऊन पडायच्या आधी तू क्षणभर थांबलास, थेट माझ्याकडे बघितलंस, आणि आडवा झालास. अगदी मी शिकवलं होतं तसा.

गाडीत मी रडत होते. तू म्हणालास, "अगं, जोक होता तो! लोकांना केवढं आवडलं. जरा सेन्स ऑफ ह्यूमर ठेव ना, बेटा."

"आय हेट यू," मी म्हणाले.

"सोड गं, मजा केली त्याने," आई म्हणाली. मी क्लास सोडला. तू तेच सोंग दुसऱ्या गावी, श्रूजबरीच्या मंडळातही करून आलास, माझाच पट्टा बांधून.

मग मी ठरवलं, तुझ्या विनोदाला पुन्हा हसायचं नाही. आणि नाही हसले. जेवताना तू कुणाची तरी नक्कल करायचास, आई ठसका लागेपर्यंत हसायची, तू माझ्याकडे बघायचास आणि मी भात कालवत राहायचे. हॉस्पिटलमध्ये, नळ्या लावलेल्या असतानाही तू नर्सची नक्कल केलीस, तशाच भुवया उडवल्यास. मी विचारलं, "पाणी हवंय का?" तुझा चेहरा पडला. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

पुढे कॉलेजात मी पुन्हा कराटे धरलं. आता सिनेमातल्या नटांना पडायला शिकवते. गेल्या आठवड्यात तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखंच पोट सुटलेला एक विनोदी नट आला होता. त्याला गादीवर पाडताना मला मजा येत होती, पण हसू कुणालाच येईना. मग मी त्याला सांगितलं, पडायच्या आधी थांब आणि एकाच माणसाकडे बघ. सगळा सेट हसत सुटला. दिग्दर्शकाने विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, माझंच आहे. तुझं नाव घेतलं नाही, घेणारही नाही.

हे पत्र कुठे जायचं नाहीये, म्हणून एवढं लिहून टाकते. तिसऱ्या रांगेत, तू माझ्याकडे बघून पडलास तेव्हा, मला हसू आवरेना. तुला ते दिसू नये म्हणून मी खाली वाकले आणि चपलेचा बंद लावत बसले.