चादरीखालचा हात

माय, तुझी नात डॉक्टर झाली. परवा ती सांगत होती, आता कानाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया करताना रोग्याच्या चेहऱ्यात केसासारख्या सुया टोचून ठेवतात, त्यांच्या तारा यंत्राला जोडतात, आणि चेहऱ्याच्या नसेला जरा धक्का लागला की यंत्र आवाज करतं. मी म्हणालो, "आमच्या वेळी ते यंत्र अकोल्याच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरीला होतं." ती हसली. तिला वाटलं, बाबा सवयीने टाळीचं वाक्य बोलले.

तू तिथे लागलीस ती फरशी पुसायला. कानाचे डॉक्टर पुण्याकडचे होते. कानामागचं सडलेलं हाड ते छिन्नी-हातोडीने कोरायचे. त्याच हाडातून, काडीपेटीतल्या काडीहून बारीक अशी, चेहरा हलवणारी नस वळत वळत बाहेर येते. छिन्नी तिच्यावर गेली की डोळा मिटत नाही, ओठ एकीकडे लोंबतो, पाणी पिताना गळतं. म्हणून कोणीतरी चादरीखाली बसून रोग्याच्या गालावर हात ठेवायचा आणि गाल फडकला की 'थांबा' म्हणायचं. एकदा नर्स आली नाही म्हणून तुला बसवलं, आणि मग दुसऱ्या कोणाला बसवलंच नाही. ज्या हाताचं पाणी आपल्या गावात कोणी घेत नव्हतं, त्या हाताच्या शब्दावर तिथे छिन्नी थांबत होती! हे मी कितीतरी सभांत सांगितलं आहे आणि दर वेळी माझ्याच अंगावर काटा आला आहे.

आपण दीक्षा घेतली त्याला तीनेक वर्षं झाली होती. मी अमरावतीला कॉलेजात होतो, पण वर्गात कमी आणि मोर्शीपासून अंजनगावपर्यंत बैलबंडीवर उभा राहून बोलताना जास्त दिसायचो. लहानपणापासून वाहणारा डावा कान त्या वर्षी फार दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, "काढलं नाही तर पू मेंदूत जाईल. काढताना नस दुखावली तर तोंड वाकडं होईल." पहिलं ऐकून मी घाबरलो नाही. दुसरं ऐकून घाबरलो. तोंडाशिवाय माझ्याजवळ होतं काय?

"बाई, आज तुम्ही नको. मुलगा आहे, हात कापेल," डॉक्टर तुला म्हणाले.

"दुसरी बसली अन् तिले नाई समजलं त, सायेब? मीच बसतो."

मला झोपवलं नाही, कानामागे सुया देऊन जागा बधिर केली. चादर ओढली. तुझा खरखरीत हात गालावर आला आणि तू कानाशी पुटपुटलीस, "घडीभर भाषण बंद हं, बापू." पहिला घाव पडतो. दुखत नाही, पण कवटीत कोणी दार फोडत असावं असा आवाज. दुसरा, दहावा, विसावा. मी मोजणं सोडतो. हे थांबलं पाहिजे, एवढंच मनात उरतं, आणि मी ओठाचा कोपरा हळूच ओढतो.

"बाई, हललं का काही?"

तुझं बोट माझ्या ओठाच्या कोपऱ्यावर दाबलं जातं. "चालू द्या सायेब. ते तो करून राहिला."

मग बराच वेळ मी मढ्यासारखा पडून राहिलो. गालात काही हललेलं मला जाणवलंसुद्धा नाही. आणि तू ओरडलीस, "थांबा! नस हाय!" छिन्नी हवेत थांबली असणार. कापसाचा बोळा फिरला, दिवा सरकला, आणि डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. "उघडी पडली आहे. वरचं हाड कुजून गेलंय. पुढचा घाव तिच्यावरच होता."

तुला कळलं कसं, हे मी नंतर विचारलं. तू म्हणालीस, "मनानं वढला त गाल सारा येते, हळूहळू. नसेले धक्का लागला त एकच कोपरा फडकते." मिळतील तेवढी पुस्तकं मी पुढे वाचली. हुकूम मेंदूच्या एका पट्टीतून सुटतो, खाली उतरताना बाजू बदलतो, त्या हाडाच्या बोगद्यातून गालात येतो. त्या पट्टीत आख्ख्या धडाला नाही एवढी जागा ओठ-जिभेला आणि हाताला आहे, आणि दोघं शेजारी आहेत. वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. माझा हुकूम आणि छिन्नीचा धक्का एकाच नसेतून येतात, तरी तुझ्या बोटाला दोन वेगळे कळले. मोठमोठ्या विद्वानांसमोर मी मान वाकवली नाही. त्या बोटासमोर वाकते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वॉर्डात आले. मी शीळ घातली, गाल फुगवले, दात दाखवले, सगळं सरळ. मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा ओठ तुम्ही हलवला होता?" शेजारच्या खाटेवर माझी भाषणं ऐकलेला एक पोरगा होता. मी म्हणालो, "नाही." डॉक्टर खाटेपाशी उभ्या असलेल्या तुझ्याकडे वळले. "म्हणजे ती नसच होती, आणि तुम्ही चालू द्या म्हणालात! नशीब म्हणून वाचला." तू माझ्याकडे पाहिलंस आणि खाली पाहून म्हणालीस, "चुकलं, सायेब." दोन महिने दुसरी बाई चादरीखाली बसली, तू फरशी पुसलीस. मग तुला परत बोलावलं. का, ते तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. मला फक्त म्हणालीस, "तोंड सरळ हाय ना तुहं? झालं मंग."

तुझा हात चुकला नव्हता. ओठ मीच ओढला होता, भीतीने. हे ज्यांना सांगायला हवं होतं ते डॉक्टरही गेले. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हा कागद कोणाकडून तरी वाचून घेतला असतास, आणि खरं सांगतो माय, त्या वाचणाऱ्याला कळेल म्हणून मी तो लिहिलाच नसता.