झेड बी चालणार नाही

चि. सौ. धाकटीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधीच करतो, कारण एकदा माझे रडगाणे सुरू झाले की ती राहून जाईल. माझे ठीक आहे. म्हणजे जिना दोन टप्प्यांत चढतो. तुझे पत्र पोहोचले. (त्यात 'आशिर्वाद' दोनदा ऱ्हस्व आहे. एकदा असता तर हातचूक म्हणून सोडून दिला असता.)

आता तुझ्या कन्येविषयी. ती माझ्याकडे मागच्या खोलीत बसून हलती चित्रे तयार करते आणि एकेक दृश्य पुरे करताना तिचा संगणक दिवसभर धापा टाकतो, हे तुला ठाऊक आहेच. महिनाअखेर काम हातावेगळे करायचे म्हणून तिने ओव्हरक्लॉकिंग करायचे ठरवले. म्हणजे प्रोसेसरला कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचे. (माझा एकही अवयव आता नेमून दिलेल्या वेगाने चालत नाही, त्यामुळे मला नुसत्या कल्पनेनेच थकवा आला.) त्यासाठी मदरबोर्ड तशी मुभा देणारा लागतो. तीन आठवडे जेवताना दुसरा विषय नव्हता: कोणता बोर्ड किती वीज पेलतो, कोणता लवकर तापतो, झेड अक्षराचे बोर्ड मुभा देतात, बी अक्षराचे देत नाहीत. माझे लक्ष मात्र एकाच प्रश्नात अडकले होते, की नावात आई असताना हा शब्द पुल्लिंगी कसा. नको तिथे लक्ष घातल्याचे फळ पुढे येतेच आहे.

बोर्ड आणायच्या दिवशी ती कामाच्या बैठकीत अडकली आणि तिने मला फोनवर निरोप पाठवला. तो जसाच्या तसा देतो: "मामा बोर्ड आणा झेड बी चालणार नाही"

एकही विरामचिन्ह नाही. चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली, लोकांना पदरचे पूर्णविराम घालून दिले. पण त्या दिवशी नजर गेली ती नेमकी 'बी'वर. 'ही'ऐवजी 'बी' लिहिण्याची सवय हिला कुठून लागली, या संतापात मी ते वाक्य कागदावर शुद्ध करून घेतले (अशुद्ध मजकूर परक्या माणसापुढे धरणे मला जमत नाही): "बोर्ड द्यावा. झेडही चालणार नाही."

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "काका, ताईंनी झेड बाजूला ठेवायला सांगितलाय. शेवटचाच आहे." मी चिठ्ठीवर बोट ठेवले. "अहो, पण त्या स्वतः बोलल्यात माझ्याशी." मी म्हणालो, "बोलणे आणि लिहिणे यांत लिहिणे प्रमाण." त्याने बी बांधून दिला आणि माझ्यादेखत झेड मागच्या गिऱ्हाइकाच्या हवाली केला.

घरी तिने खोके पाहिले, चिठ्ठी वाचली आणि खाली बसली. तेव्हा मी "चुकलो" म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "'झेड'नंतर पूर्णविराम दिला असतास, तर हे घडले नसते." ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, मामा."

त्याला आज नऊ दिवस झाले. ती जुन्यावरच काम रेटते आहे, आणि मला निरोप येतात ते असे: "जेवण झाकून ठेवले आहे. कृपया वेळेवर जेवावे." पूर्णविरामांसह, 'ठेवलं' नव्हे, 'ठेवले'. तिच्या 'केलं-झालं'वर मी दोन वर्षे लाल शाई सांडली. आता शोधूनही चूक सापडत नाही आणि घर खायला उठते.

तुझा,
दादा

ता. क. : पत्राचे खरे कारण पुढीलप्रमाणे. काल दोन बस बदलून दुसऱ्या बाजारातून झेड आणला. या वेळी तिचाच निरोप न सुधारता दाखवला. तिथल्या विक्रेत्याला तो एका वाचनात कळला. खोके तिच्या दारात ठेवले आहे. माफीची चार पत्रे लिहिली. चारही निर्दोष उतरली म्हणून फाडली. तेव्हा तूच तिला फोन करून सांग, की दादा चुकला.

पुन्हा ता. क. : फोन करू नकोस. आत्ताच निरोप आला: "मामा बोर्ड मीळाला एकदम भारी तुम्ही जेवलात का" यातल्या चुका मी मोजल्या नाहीत. उत्तर धाडले: "जेवलो. बरं वाटलं." दोन्ही अनुस्वार पाठवण्यापूर्वी तपासून घेतले.