सोनोग्राफीआधीचं पाणी

मीरा रोड, मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

...आणि पुन्हा पाणी पीत बसले. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी टेबलावरून उठवून बाहेर पाठवलं होतं. "ब्लॅडर रिकामं आहे, नीट दिसत नाहीये. पाणी प्या. बाथरूमला जाऊ नका."

रिकामं असणारच ना. दुसरा महिना, आणि सकाळपासून रक्त जातंय. सारखी बाथरूमला बघायला जात होते. बघून थांबणार होतं का?

सासूबाईंनी बाटली पुढे केली. "उठलीस तर दाराशी जाऊन बसेन. पी."

"आई, उलटी होईल."

"होऊ दे. परत पी."

तासभर बसले. बघितलं नाही तोवर काही बिघडलेलं नाही, असं वाटत राहिलं. हा काय विचार झाला?

मग पुन्हा टेबल. डॉक्टरांनी पोटावरून यंत्र फिरवलं. नंतर म्हणाले, "ठोके आहेत. बाजूला थोडं रक्त साचलंय. आराम करा, आठवड्यानं परत बघू."

म्हणजे आहे. आज तरी आहे. आई रिकामी बाटली घट्ट धरून उभ्या होत्या.

घरी बाथरूममध्ये गेले, पण दिवा लावला नाही.

बुधवारी सकाळी दिवा लावला. डाग होता. लाल नव्हता, तपकिरी होता, जुन्या रक्ताचा.